मोडी दप्तरावरची जुनी अस्तरे : प्रकल्प नोंदी

३ जून २०२४

एका वतनदार घराण्याचे खाजगी दप्तर आज प्रयोगशाळेत दाखल झाले. तीन रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत आणि बहुतेक कागद पेशवाईच्या उत्तरार्धातील असून मोडीत लिहिलेले आहेत. घरातील ज्येष्ठ गृहस्थांची अपेक्षा साधी होती : कागद स्कॅन व्हावेत आणि पुन्हा कसर लागू नये. पहिला रुमाल सोडल्यावर मात्र लक्षात आले की कसरीने केलेले नुकसान जुने आणि थांबलेले आहे; चालू असलेले नुकसान पूर्वीच्या दुरुस्त्यांमधून होत आहे. या दप्तराची निदान तीन वेळा, तीन वेगळ्या पद्धतींनी डागडुजी झालेली दिसते. काही बंदांच्या (लांब कागदांच्या) पाठीला खळ लावून मांजरपाट चिकटवले आहे, काहींवर दोन्ही बाजूंनी रेशमी शिफॉन आहे, तर काही कागद ॲसिटेट या प्लास्टिकच्या पातळ फिल्ममध्ये बंद केलेले आहेत. शेवटच्या दोन दुरुस्त्या घराबाहेर झाल्या असल्या, तरी कोठे आणि कोणी केल्या याचा एकही कागद सोबत नाही. ज्या कागदांत पै-पैचा हिशेब लिहिलेला आहे, त्यांच्याच दुरुस्तीची नोंद कोणी ठेवू नये, याचे वाईट वाटते. ही नोंदवही लिहिण्याचे तेही एक कारण आहे.

प्रकल्पाचा प्रश्न असा ठरवला : यांपैकी कोणते अस्तर काढता येते, कशाने काढता येते, आणि काढता येत असूनही कोणते तसेच राहू द्यावे.

६ जून

आज फक्त निरीक्षण केले. कागद हातकागद असून खळ चढवून घोटलेला आहे. तिरप्या प्रकाशात त्याला अजूनही तकाकी येते. जुन्नर, दौलताबाद, बाळापूर अशा ठिकाणांचा कागद त्या काळी दप्तरांत वापरात होता, परंतु केवळ डोळ्यांनी पाहून गाव ठरवण्याच्या फंदात मी पडत नाही. शाई काजळाची आहे. काजळी म्हणजे निव्वळ कार्बन. तो उन्हाने उडत नाही आणि आम्लानेही बिघडत नाही, म्हणून अडीचशे वर्षांनंतर अक्षरे कालच्यासारखी काळी दिसतात. मात्र ती काजळी कागदाला धरून आहे ती बाभळीच्या डिंकाने, आणि डिंक पाण्यात विरघळतो. शिवाय घोटलेल्या कागदात शाई मुरत नाही, ती पृष्ठावर बसते. भिंगाखाली एका ‘श्री’च्या वेलांटीवर बोरू टेकल्याची जागा दिसली, तेथे शाईचा थर इतका जाड आहे की त्याला बारीक तडे गेले आहेत आणि तड्यांच्या कडेला अभ्रकाचे कण चमकतात. ओली शाई सुकवण्यासाठी लेखकाने टाकलेली वाळू अजून तेथेच आहे. पाण्याचा एक थेंब पडला तर ही सगळी खूण टिपकागदावर येईल.

१४ जून

ॲसिटेटच्या कागदांपासून सुरुवात केली, कारण त्यांची अवस्था सर्वांत घातक आहे. रुमाल उघडताच शिरक्याचा (व्हिनेगरचा) वास येत होता. आम्ल दाखवणाऱ्या पट्ट्या बंद डब्यात त्या कागदांसोबत ठेवल्या होत्या. निळ्या पट्ट्या आज हिरव्या झालेल्या आहेत आणि दोन पट्ट्यांच्या कडा पिवळ्या पडू लागल्या आहेत. सेल्युलोज ॲसिटेट विघटित होताना ॲसेटिक आम्ल सुटते, आणि तेच आम्ल पुढच्या विघटनाला वेग देते. कागद दोन फिल्म्सच्या मध्ये असल्याने ते आम्ल आधी त्याच्याच वाट्याला येते.

या पद्धतीचा इतिहास आपल्या देशाशी जोडलेला आहे, म्हणून तो येथे नोंदवतो. अमेरिकेत विल्यम बॅरो यांनी १९३० च्या दशकात ॲसिटेटची फिल्म उष्णता आणि दाब देऊन कागदावर बसवण्याची पद्धत प्रचारात आणली. ती यंत्रे महाग होती. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात १९५० च्या दशकात गोयल यांनी यंत्राविना चालणारी पद्धत बसवली : कागदावर ॲसिटेटची फिल्म, तिच्यावर टिश्यू कागद, आणि वरून ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा फिरवायचा. फिल्म मऊ होऊन टिश्यूत आणि कागदात शिरते आणि सगळे एकजीव होते. वीज लागत नाही आणि कागदाला उष्णताही सोसावी लागत नाही. एक टेबल आणि सवयीचा हात असला की दिवसात कितीतरी कागद होत. लाखो कागद तुकडे होण्याच्या बेतात असताना ही पद्धत म्हणजे मोठाच दिलासा होता, आणि आज तिला नावे ठेवणे सोपे असले तरी तिच्याशिवाय यांतील काही कागद आपल्यापर्यंत पोहोचलेच नसते. पद्धत बसवताना जमेची धरलेली एक गोष्ट आता आमच्या उपयोगाची आहे : ज्या ॲसिटोनने फिल्म बसली, त्याच ॲसिटोनने ती निघावी.

२७ जून

ॲसिटोनच्या ठिपका-चाचण्या पूर्ण झाल्या. प्रत्येक कागदावर शाईच्या तीन जागा निवडून, कापसाच्या बारीक काडीने द्रावक टेकवून, वर टिपकागद दाबून भिंगाखाली पाहिले. काजळाची शाई ॲसिटोनला दाद देत नाही, कारण डिंक त्यात विरघळत नाही. अडचण अनपेक्षित ठिकाणी निघाली. दोन कागदांच्या कोपऱ्यात जांभळ्या शाईचा रबरी शिक्का आहे, बहुधा विसाव्या शतकातील कचेरीचा. तो ॲसिटोन लागताच पसरला. पेशव्यांचे मोर्तब सुरक्षित आणि कारकुनाचा शिक्का धोक्यात, अशी ही स्थिती आहे. या दोन कागदांना बुडवण्याचा प्रश्नच येत नाही. त्यांचे शिक्क्याभोवतीचे चौकोन तसेच ठेवून बाकीची फिल्म बोळ्याने उतरवावी लागेल.

११ जुलै

आजची चूक माझी आहे आणि ती सविस्तर लिहून ठेवणे आवश्यक आहे.

पहिल्या चार कागदांना स्टीलच्या ट्रेमध्ये, पॉलिएस्टरच्या जाळीवर ठेवून, ॲसिटोनची तीन स्नाने दिली. पहिल्या स्नानात फिल्म फुगली आणि टिश्यू सुटला, दुसऱ्यात उरलेले ॲसिटेट विरघळले, तिसरे स्वच्छ द्रावकाचे होते. तीन कागद उत्तम निघाले. चौथा काढताना दुपार झाली होती आणि पाऊस जोराचा सुरू होता. फ्यूमहूडखाली, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या झडपेखाली, काम चालू होते, परंतु खोलीतील आर्द्रता कमी करणारे यंत्र मी सकाळी बंद केलेले पुन्हा सुरू केले नव्हते. ॲसिटोन फार वेगाने उडते आणि उडताना पृष्ठभाग थंड करते. दमट हवेत त्या थंड पृष्ठभागावर बाष्प धरते. कागदावर अजून थोडे ॲसिटेट शिल्लक होते, त्याचा ओलाव्यामुळे पांढरा, दुधाळ थर बसला आणि मधल्या सात ओळी धुक्यात गेल्यासारख्या झाल्या.

सुदैवाने शाई हललेली नव्हती. कागद लगेच पुन्हा ताज्या ॲसिटोनमध्ये ठेवला, तेव्हा थर निघून गेला, आणि नंतर बंद ट्रेमध्ये हळूहळू वाळू दिला. मात्र तिसऱ्या ओळीतील एका काना-मात्रेची कड भिंगाखाली किंचित मऊ झालेली दिसते. आधीच्या छायाचित्राशी ताडून पाहिली आणि तो फरक नोंदपत्रकात लिहिला. यापुढे खोलीतील सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर असल्यास ॲसिटोनचे काम होणार नाही. पावसाळ्यात याचा अर्थ असा की हे काम जवळपास थांबवावे लागेल. तसेच करावे.

२५ जुलै

खडकवासल्यातून सोडलेले पाणी सिंहगड रस्त्याच्या परिसरात शिरल्यामुळे आज कोणीही येऊ शकले नाही. दप्तर वरच्या मजल्यावर आहे. काम बंद.

१३ ऑगस्ट

ॲसिटेट थांबवले असल्याने शिफॉन हाती घेतले. शिफॉन म्हणजे विरळ विणीचे रेशमी कापड; ते डेक्स्ट्रीनच्या खळीने दोन्ही बाजूंना लावत असत, म्हणजे अक्षरे आरपार वाचता येत. रेशीम प्रथिन आहे. उजेड आणि कागदातील आम्ल यांनी ते काही दशकांतच पिवळे आणि ठिसूळ होते. आमच्या बंदांवर त्याची अवस्था अशी आहे की चिमट्याने धागा उचलावा तर तो लांबत नाही, त्याचे तांदळाच्या कणीएवढे तुकडे पडतात. कागदाला आधार देण्याऐवजी आता तेच कागदाला ओढते आहे; घडीच्या रेषेवर शिफॉन तुटले आहे आणि तुटताना खालच्या कागदालाही चीर गेली आहे.

खरी अडचण रसायनाची आहे. डेक्स्ट्रीन पाण्याने सुटते आणि शाईतला डिंकही पाण्यानेच सुटतो. अल्कोहोलमध्ये दोन्हीही सुटत नाहीत. म्हणजे ॲसिटेटच्या बाबतीत द्रावक जो भेद करत होते, तो येथे कोणतेच द्रावक करत नाही. भेद करायचा तो वेळेने आणि ओलाव्याच्या प्रमाणाने. मोडीवाचक काका आज आले होते, त्यांना हे समजावून सांगितले. ते म्हणाले, “म्हणजे चोर आणि घरमालक एकाच किल्लीने आत येतात म्हणा की.” यापेक्षा नेमके मलाही सांगता आले नसते.

२ सप्टेंबर

जेलन गमच्या चाचण्या. हे जेल घट्ट वडीसारखे असते. त्यात पाणी भरपूर असूनही ते हळूहळू आणि एकसारखे सोडते. इटलीतील कागद-संवर्धकांनी ते या कामासाठी रुजवले आणि आता सर्वत्र वापरतात. चाचणीसाठी दप्तरातील अक्षर वापरले नाही. घोटलेल्या हातकागदावर काजळ आणि बाभळीच्या डिंकाची शाई स्वतः करून, बोरूने लिहून, वर डेक्स्ट्रीनने शिफॉन चिकटवून नमुने तयार केले होते. ताजी शाई जुन्या शाईपेक्षा लवकर हलणार हे गृहीत आहे, म्हणजे चाचणी कडकच झाली.

दोन मिनिटांत शिफॉन सुटत नाही. चार मिनिटांत ते सैल होते आणि अगदी आडव्या कोनात, कागदाला जवळजवळ समांतर ओढल्यास निघते. सहा मिनिटांत जेलच्या अंगावर शाईची करडी छाया उमटते. चार आणि सहा यांच्यामधली दोन मिनिटे, एवढीच आमची जागा आहे. शिवाय चार मिनिटांनाही, जिथे शाईचा थर जाड होता तिथे निघालेल्या धाग्यांवर काळे ठिपके दिसले; शाईचा वरचा पापुद्रा डेक्स्ट्रीनसोबत वर आला होता. पाणी टाळले तरी हे टळत नाही, कारण खळ शाईच्या तड्यांत शिरून बसलेली आहे.

२४ सप्टेंबर

शिफॉनबाबत निर्णय झाला. तो एकमताने झाला असे म्हणता येणार नाही. माझ्या सहकारी बाईंचे मत सगळे शिफॉन काढावे असे आहे, आणि त्यांचा मुद्दा खोटा नाही : उरलेले रेशीम पुढेही ठिसूळ होत जाणार आणि ओढतच राहणार. माझे म्हणणे असे की अक्षरांवरचे शिफॉन काढताना आज शाई जाते हे आम्ही पाहिले आहे, आणि जी शाई गेली ती परत येणार नाही, तर पुढच्या पंचवीस वर्षांत कदाचित याहून बरा उपाय निघेल. अखेर ठरले ते असे. कोऱ्या पाठीवरचे आणि समासातले शिफॉन जेलने काढायचे. अक्षरांवरचे तसेच ठेवायचे, पण घडीच्या रेषांवर ते बारीक कात्रीने मोकळे करायचे, म्हणजे ताण एका जागी येणार नाही. पाठीवर विरळ जपानी कोझो कागदाचा आधार द्यायचा. दिसायला हे काम अर्धवट दिसेल. घरच्या मंडळींना ते कसे सांगायचे, हा वेगळा प्रश्न आहे.

१६ ऑक्टोबर

हवा कोरडी झाल्याने उरलेले ॲसिटेटचे कागद पाच दिवसांत पूर्ण झाले. विशेष लिहिण्यासारखे काही नाही.

आता मांजरपाटाचे बंद. त्यांतला सर्वांत लांब कागद म्हणजे इनाम चालवण्याविषयी मामलेदाराला लिहिलेले आज्ञापत्र आहे. शेवटी नेहमीचा मजकूर आहे, की याची प्रत लिहून घेऊन हे अस्सल पत्र भोगवटियास परतोन देणे. त्यामुळेच ते या घरात राहिले. कागदाचे तीन तुकडे एकाखाली एक डकवून हा बंद तयार केलेला आहे. वर्षाच्या जागी नेमके छिद्र आहे. ‘सीत’, मग ‘स’, मग छिद्र, आणि पुढे ‘मया व अलफ’. शुहूर या तेव्हाच्या दप्तरी कालगणनेत ‘सीत’ म्हणजे सहा आणि ‘मया व अलफ’ म्हणजे अकराशे; मधला दशक गेला आहे. शिक्क्यातले ‘माधवराव नारायण’, म्हणजे सवाई माधवराव पेशवे, एवढेच वाचता येते. सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत एककस्थानी सहा असलेली आणि दशक ‘स’ने सुरू होणारी शुहूर वर्षे दोनच येतात : सबैन धरले तर ११७६, म्हणजे इसवी १७७५–७६, आणि समानीन धरले तर ११८६, म्हणजे १७८५–८६. दहा वर्षांचा फरक आहे, आणि त्या घराण्यासाठी तो लहान नाही.

खालून प्रकाश टाकला असता सांध्यांवर मांजरपाटाखाली काळसर वर्तुळाकार छाया दिसते. सांध्याच्या पाठीवर शिक्का उमटवण्याची पद्धत होती, म्हणजे मधला तुकडा बदलून लबाडी करता येऊ नये. अस्तर लावणाऱ्याने तो पुरावाच झाकून टाकला. आणखी एक गोष्ट : मांजरपाटाच्या कडेला खळ फिकट हिरवी दिसते. रूबेॲनिक आम्लाच्या पट्टीवर तिचा काळसर हिरवा डाग उमटला, म्हणजे खळीत तांबे आहे. किडा लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालण्याची बुकबांधणीवाल्यांची सवय जुनी आहे. किडा लागला नाही हे खरे. पण तांब्याचे आयन सेल्युलोजच्या ऑक्सिडीकरणाला हातभार लावतात, आणि जिथे खळ जाड आहे तिथेच कागद तपकिरी आणि कुरकुरीत झाला आहे. हे अस्तर निघालेच पाहिजे, याबद्दल यावेळी दुमत नव्हते.

२१ ऑक्टोबर

शाईची बाजू खाली, सिलिकॉन कागदावर. मांजरपाट कोरडेच, एकेक बोट रुंदीच्या पट्ट्यांत कापून उतरवले. कापड बऱ्याच ठिकाणी सहज निघाले. खळ मात्र कागदावरच राहिली आणि तिच्यावर विणीची जाळी छापल्यासारखी दिसत होती. त्या खळीवर पाण्यात कालवलेल्या मेथिलसेल्युलोजचे घट्ट लेपन, तीन मिनिटे, आणि मग बांबूच्या पातीने खरवडणे. एका वेळी तळहाताएवढीच जागा घेतली. पाणी समोरच्या बाजूला पोहोचते का, हे दर वेळी खालचा कागद उचलून पाहिले.

दुपारी पहिला सांधा मोकळा झाला आणि शिक्का पूर्ण आला, अर्धा वरच्या तुकड्यावर, अर्धा खालच्यावर, कोठेही न सरकलेला. चार वाजता त्याच्या खाली पैवस्तीची, म्हणजे पत्र पोहोचल्याच्या नोंदीची, एक ओळ दिसू लागली. मोडीवाचक काकांना दूरध्वनी केला. ते येईपर्यंत हात लावला नाही. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, नाक कागदाला टेकेल इतके वाकले आणि म्हणाले, “सन सीत सबैन.” ११७६.

६ नोव्हेंबर

दिवाळीच्या सुट्टीनंतर उरलेली पाठ मोकळी केली. तळाशी इंग्रजीत दोन ओळींचा शेरा आहे. कागद तपासून पाहिल्याचा तो शेरा असावा. मुंबई इलाख्यात १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि इनामदारांना आपापले कागद दाखवण्यासाठी हजर व्हावे लागले, त्या चौकशीशी याचा संबंध जुळतो. परंतु शेऱ्यावर तारीख नसल्याने नोंदपत्रकात फक्त वर्णन लिहिले आहे.

शेऱ्याची शाई तपकिरी आहे. अवरक्त छायाचित्रात मोडी ओळ काळीभोर राहिली आणि इंग्रजी ओळ जवळजवळ नाहीशी झाली. कार्बन अवरक्त प्रकाश शोषतो, लोह-मायफळाची शाई त्यात फिकी पडत जाते. बॅथोफेनॅन्थ्रोलिनच्या पट्टीवर गुलाबी डाग आला, म्हणजे मोकळे फेरस आयन आहेत आणि ही शाई कागद खाण्याची शक्यता बाळगून आहे. नेदरलँड्समधील संशोधकांनी अशा शाईसाठी कॅल्शियम फायटेटचे स्नान रुजवले आहे, पण ते जलीय आहे. पाठीवरच्या दोन ओळी वाचवण्यासाठी पुढचे संपूर्ण पत्र धुऊन काढणे हा व्यवहार कोणीच मान्य करणार नाही. त्यामुळे रासायनिक उपचार नाही. शेऱ्याच्या जागी पाण्याचा स्पर्श टाळला, कारण ओलाव्यासोबत लोहाचे आयन अक्षरांच्या बाहेर पसरतात. तेथली खळ कोरडीच, स्काल्पेलने, दोन दिवस खर्चून काढली.

२ डिसेंबर

नवा आधार दिला. जपानी कागदावर आधीच जिलेटिनचा थर चढवून वाळवला होता; तो ओलसर टिपकागदावर क्षणभर टेकवून, चिकटपणा येताच बंदाच्या पाठीवर बसवला आणि वजनाखाली ठेवला. ओलावा अगदी कमी लागतो, म्हणून ही पद्धत निवडली. दोन्ही सांध्यांचे शिक्के, पैवस्तीची ओळ आणि इंग्रजी शेरा यांवर आधाराला खिडक्या ठेवल्या आहेत. वर्षाच्या जागचे छिद्र मागून भरले, पण भरणाचा रंग मूळ कागदापेक्षा एक छटा फिका ठेवला; तेथे काही लिहिलेले नव्हते असा भास कोणाला होऊ नये.

काढलेल्या मांजरपाटाचा एक तुकडा, खळीचा नमुना आणि शिफॉनचे धागे प्रत्येकी वेगळ्या पाकिटात, रुमालाच्या क्रमांकासह ठेवले आहेत.

१९ डिसेंबर

घरातील ज्येष्ठ गृहस्थ आणि त्यांची नात दप्तर पाहण्यासाठी आले. अपेक्षेप्रमाणे त्यांनी विचारले, “एवढे केलेत, तर प्लास्टिकमध्ये पक्के करून का देत नाही?” ॲसिटेटच्या पट्ट्या दाखवल्या आणि काढलेल्या फिल्मचा जपून ठेवलेला तुकडा हुंगायला दिला. ते काही बोलले नाहीत, पण डबा पुन्हा त्यांनी स्वतःच झाकला. शिफॉनचे अर्धवट दिसणारे बंद नातीला खटकले. तिला जेलच्या चाचणीतले काळे ठिपके पडलेले धागे भिंगाखाली दाखवले, तेव्हा तिने ते बराच वेळ पाहिले.

दप्तर आम्लरहित पेट्यांत, सपाट, घडी न घालता परत जाईल. सोबत या नोंदींची छापील प्रत, कोणत्या कागदावर काय लावले आहे आणि ते कशाने निघते याचा तक्ता, आणि नमुन्यांची पाकिटे. तक्त्याच्या शिफॉनच्या रकान्यात ‘अक्षरांवर राहू दिले, चार मिनिटांपुढे जाऊ नये’ एवढेच लिहिले आहे. जुना रुमाल त्यांनी धुऊन वेगळा आणला होता. तो त्याच पेटीत वर ठेवला.